काळी, पांढरी आणि कराचा कागद : बुलढाणा जिल्ह्यातील करभाराचा इतिहास

वऱ्हाडातल्या गावाचे दोन भाग असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या राजवटींची करआकारणीही याच दोन भागांना धरून चाले. काळीवर सारा बसे, तर पांढरीवर राहणाऱ्या विणकर, तेली, सोनार, दुकानदार यांच्यावर वेगळी पट्टी. आज बुलढाणा जिल्ह्यातला जो माणूस प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायला बसतो, त्याच्यासमोर पहिला प्रश्न येतो तो तोच : उत्पन्न शेतीचे की बिगरशेतीचे? मधल्या चारशे वर्षांत राज्यकर्ते बदलले, कराची नावे बदलली, कागदाची भाषा फारसीवरून इंग्रजीवर आली. एक गोष्ट मात्र कायम राहिली. कर भरण्यासाठी रयतेच्या गाठीचे पैसे जात, आणि कर किती, कुणाला, कधी द्यायचा हे कळून घेण्यासाठी आणखी काही जाई. हा दुसरा खर्च कोणत्याही सरकारी जमाखर्चात लिहिलेला सापडत नाही.

जिल्ह्याचा भूगोल करव्यवस्थेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला घाटाखालचा मुलूख, म्हणजे जुने पायनघाट. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा घाटावरचा मुलूख, म्हणजे बालाघाट. अकबराने १५९६ मध्ये वऱ्हाड घेतले, त्यानंतर अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त या सुभ्याच्या सरकारांची नोंद झाली. त्यात मेहकर हे एका सरकारचे ठाणे आहे. लोणारच्या सरोवराचा उल्लेखही तिथे आहे. काच आणि साबण बनवायला लागणारे क्षार तिथे मिळतात आणि त्यांतून राज्याला चांगले उत्पन्न होते, असे अबुल फजल नोंदवतो. लोणारच्या क्षारांना स्थानिक व्यापारात दल्ला, खुप्पल, पपडी, भुसकी अशी नावे होती. उल्कापाताने झालेल्या त्या विवरातले पाणीसुद्धा महसुलाच्या वहीत चढले होते, इतकी मोगली जमाबंदी बारीक होती. पुढे बालाघाटात मलिक अंबराचा अंमल काही काळ परत आला आणि त्याच्या जमीनमोजणीची व धाऱ्याची आठवण मागच्या पिढ्यांनी चांगल्या शब्दांत जपली. कारण साधे होते : त्याने सारा ठरवून दिला, आणि ठरलेले काय ते रयतेला ठाऊक होते.

अठराव्या शतकात नेमके हेच नाहीसे झाले. १७१९ च्या बादशाही सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथ आणि सरदेशमुखीचा हक्क मिळाला. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. सरदेशमुखी म्हणजे वर आणखी शेकडा दहा. १७२४ मध्ये सिंदखेडजवळच्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये तो व्यवहारात स्वतंत्र झाला. त्या विजयावरून गावाचे नाव फत्तेखेर्डा पडले. या लढाईने वऱ्हाड निजामाचे झाले खरे, पण वसुली एकट्या निजामाची झाली नाही. नागपूरच्या भोसल्यांचे कामाविसदार परगण्या-परगण्यांत बसले आणि महसुलाचा अर्ध्याहून अधिक भाग त्यांच्या हाती जाऊ लागला. या व्यवस्थेला दुअमली म्हणत.

दुअमली म्हणजे एका शेताचे दोन धनी. एका गावात निजामाचा आमील हिशेब मागे आणि भोसल्यांचा कारकूनही. दोघांच्या वह्या वेगळ्या, दोघांच्या वसुलीच्या वेळा वेगळ्या. साऱ्याशिवाय मराठी मुलखातल्या दप्तरांत किती तरी पट्ट्या दिसतात : घरपट्टी, म्हैसपट्टी, लग्नटका, पाटदाम, वजनमापांवर शिक्का मारण्याची बटछपाई, आणि कारागीर-दुकानदारांवरचा मोहतर्फा. यातली प्रत्येक पट्टी रकमेने लहान असे. पण सगळ्या मिळून किती होतात आणि त्यांतली कोणती या वर्षी लागू आहे, हे कुणब्याला सांगता येत नसे. ते सांगणारी माणसे गावात पाटील आणि पटवारी, परगण्यात देशमुख आणि देशपांडे. गावचा हिशेब मोडीत, वरचे दप्तर फारसीत. जो दोन्ही वाचू शके त्याच्या शब्दाबाहेर रयतेला जाता येत नसे. त्या मधल्या माणसांत सचोटीचेही होतेच, पण व्यवस्थेने रयतेला त्यांची सचोटी तपासण्याचे साधन दिले नव्हते, आणि हाच त्या काळचा खरा अन्याय होता.

१८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडचे वऱ्हाड सोडले. दुअमली संपली, पण लोकांचे भोग संपले नाहीत. हैदराबादचा दरबार कर्जात बुडालेला होता. सावकारांकडून उचल घ्यायची आणि बदल्यात परगणे मक्त्याने लावून द्यायचे, ही रीत पडली. पुरणमल या हैदराबादच्या सावकाराकडे वऱ्हाडचा मोठा भाग मक्त्याने होता. त्याच्यानंतर पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीकडे महसुलाच्या मोठ्या नेमणुका आल्या. पेस्तनजींनी वऱ्हाडातून मुंबईला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कापूस पाठवला होता, शेतकऱ्यांना तगाई दिली होती, खामगावला कापूस दाबण्याचे स्क्रू बसवले होते. म्हणजे कर्ज देणारा, कापूस घेणारा आणि सारा वसूल करणारा, हे तिघे एकच झाले होते. १८४५ मध्ये त्यांच्याकडून ही वसुली काढून घेण्यात आली. मक्त्याच्या पद्धतीत कराचा दर कागदावर काहीही असो, मक्तेदाराने दरबारला दिलेली रक्कम व्याजासह निघाली पाहिजे हाच खरा दर असे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आले. सुरुवातीला दोनच जिल्हे केले गेले. उत्तर वऱ्हाडचे ठाणे बुलढाणा, दक्षिण वऱ्हाडचे हिंगोली. १८६१ मध्ये इथे मुंबई इलाख्याची रयतवारी लागू करायचे ठरले आणि मोजणी सुरू झाली. जमिनीचे सर्व्हे नंबर पडले. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. मातीची खोली आणि दोष पाहून शेताची आण्यांत प्रतवारी ठरे आणि त्या प्रतीवरून एकरी आकार. सोळा आण्यांची जमीन सर्वांत चांगली. आकार ३० वर्षांसाठी कायम.

परकी सरकारच्या या कामाबद्दल अनेक तक्रारी रास्त आहेत. दुष्काळातही सारा रोख भरावा लागे, आणि रोख सावकाराकडूनच मिळे. १८९९–१९०० च्या दुष्काळात जिल्ह्याने त्याची जबर किंमत दिली. तरी न्यायाने एक मान्य करावे लागते. आपल्या शेताचा नंबर कोणता, क्षेत्र किती, आकार किती, हे शेतकऱ्याला पहिल्यांदाच एका ओळीत कळले. आज सातबारा हातात घेतला की डोळ्यांसमोर येते ती याच मोजणीची नात.

पांढरीवरच्या कराची वाट वेगळी झाली. नागपूरच्या भोसल्यांच्या मुलखात बिगरशेती लोकांवरच्या कराला ‘पांढरी’ हेच नाव होते, आणि ब्रिटिशांनी १८६७ मध्ये त्याला मध्यप्रांतात कायद्याचे रूप दिले. त्याआधीच, १८५७ च्या उठावाने झालेला खर्च भरून काढण्यासाठी, जेम्स विल्सनने १८६० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला होता. त्या पहिल्याच कायद्याला २१ भाग आणि २५९ कलमे होती. वर्षाला २०० रुपयांच्या वर मिळवणारा त्यात सापडे, आणि शेतीचे उत्पन्नही सुटलेले नव्हते. कर बसवल्यावर काही आठवड्यांतच विल्सन कलकत्त्यात वारला. १८६५ मध्ये कर उठवला गेला. पुढची वीस वर्षे परवाना कर, दाखला कर, पुन्हा प्राप्तिकर, पुन्हा परवाना कर अशी गेली. १८८६ च्या कायद्याने अखेर घडी बसली. करमुक्त मर्यादा ५०० रुपये, आणि शेतीचे उत्पन्न पूर्ण वगळलेले, कारण शेतकरी सारा भरतच होता. काळी आणि पांढरी पुन्हा वेगळ्या झाल्या, त्या आजतागायत.

या सगळ्यात वऱ्हाडची गुंतागुंत आणखी एक होती. कारभार इंग्रजांचा असला तरी मालकी कागदोपत्री निजामाचीच होती. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप चालत नसे. तो स्वतंत्र हुकमाने लावावा लागे. खामगावच्या अडत्याला कोणता कायदा लागू आहे हे ठरवायला कलकत्ता, हैदराबादचा रेसिडेंट आणि स्थानिक आयुक्त अशी तीन दारे होती. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले, आणि जिल्ह्याला त्याची मोठी व्यापारपेठ मिळाली.

कराची मर्यादा वाढावी यासाठी आवाज उठवणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते. १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी ५०० ची मर्यादा १,००० करण्याची मागणी केली, आणि पुढच्याच वर्षी ती मान्य झाली. वर्षाला हजाराच्या आत मिळवणारे कारकून, शिक्षक, लहान दुकानदार त्यामुळे सुटले. सामान्य करदात्याच्या बाजूने आकडेवारी मांडून मिळवलेला हा विजय मराठी सार्वजनिक जीवनात फारसा आठवला जात नाही. तो आठवायला हवा.

खामगावची पेठ १८७० च्या जलंब–खामगाव रेल्वेफाट्याने देशाच्या कापूसबाजाराशी जोडली गेली होती. तिथल्या अडतीच्या दुकानात रोजकीर्द आणि खतावणी चाले. वर्ष दिवाळीला संपे, लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक निघे. सरकारचे वर्ष मात्र एप्रिल ते मार्च. १९२२ आणि १९६१ च्या कायद्यांनी व्यापाऱ्याला आपले हिशेबाचे वर्ष धरू दिले आणि त्यासाठी दोन शब्द ठेवले : ज्या वर्षी कमावले ते ‘मागील वर्ष’, ज्या वर्षी कर बसतो ते ‘आकारणी वर्ष’. १९८९ पासून सर्वांना एप्रिल–मार्च सक्तीचे झाले. म्हणजे दोन शब्दांचे कारण गेले, पण शब्द पुढे ३५ वर्षांहून अधिक काळ राहिले. एकाच पगाराला दोन वर्षांची नावे का, हा प्रश्न पहिल्यांदा विवरणपत्र भरणाऱ्या प्रत्येकाने विचारला असेल.

१ एप्रिल १९६२ पासून लागू झालेला १९६१ चा कायदा २९८ कलमांचा होता. दरवर्षीच्या वित्त अधिनियमाने त्यात भर पडत गेली. क्रमांक पुरेनात म्हणून ‘८०टीटीबी’, ‘११५बीएसी’, ‘१९४एलए’ अशी अक्षरे जोडली गेली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कराचे ११ टप्पे होते आणि वरच्या टप्प्यावर अधिभारासह ९७.७५ टक्के दर होता. तेव्हा अर्थखाते यशवंतराव चव्हाणांकडे होते. इतका दर जिल्ह्यात कुणाला लागू असण्याचा संभव जवळजवळ नव्हताच. पण त्याच काळात एक तरतूद आली, जी बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या घराघरांत पोचली.

शेतीउत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे, केंद्राला नाही. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने यातून वाट सुचवली आणि १९७३ च्या वित्त अधिनियमाने ती स्वीकारली. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पण उरलेल्या उत्पन्नावरचा दर ठरवताना ते धरायचे. ही तरतूद सर्वांत जास्त लागू पडते ती पगार आणि शेती दोन्ही असलेल्या माणसाला, म्हणजे जिल्हा परिषदेचा शिक्षक, एसटीचा कर्मचारी, पोलीस, ग्रामसेवक. घाटावरच्या एखाद्या गावात वडिलोपार्जित चार एकर असलेला शिक्षक घेतला, तर जुन्या करपद्धतीतले त्याचे गणित असे होते. वजावटी जाऊन पगाराचे करपात्र उत्पन्न ६,००,००० आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न १,००,००० रुपये. आधी दोन्ही मिळून ७,००,००० वर कर काढायचा : ५२,५००. मग करमुक्त मर्यादेचे २,५०,००० आणि शेतीचे १,००,००० यांच्या बेरजेवर कर काढायचा : ५,०००. पहिल्यातून दुसरा वजा : ४७,५००. शेती नसती तर याच पगारावर ३२,५०० झाले असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त, आणि तरी त्याच्यापायी १५,००० रुपये जास्त. वर उपकर वेगळा. हे गणित चूक नाही, कायद्याने बरोबरच आहे. पण ते ज्याला भरायचे त्याला समजावून सांगण्याची व्यवस्था कुणी केली नाही.

त्यात ‘निव्वळ शेतीउत्पन्न’ हा शब्द आहे. सोयाबीन विकल्याची बाजार समितीची पट्टी असते. बियाण्या-खताचे बिल सापडते. निंदणाची, सोंगणीची मजुरी रोख दिलेली असते, तिची पावती कुठून येणार? शेतीची व्याख्याही सरळ नाही. आपल्या रानातला कडबा विकला तर ते शेतीचे उत्पन्न. तोच कडबा आपल्या म्हशीला घालून दूध विकले तर ते शेतीचे नाही. देऊळगाव राजा तालुक्यात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाची शेडनेट उभी आहेत; अशा बियाण्याचे उत्पन्न शेतीचे की धंद्याचे, ते करार कसा लिहिला आहे त्यावर ठरते, आणि असे वाद देशात न्यायाधिकरणांपर्यंत गेले आहेत.

शेती गेल्यावर गुंतागुंत आणखी वाढते. पूर्णेवरचा नांदुरा तालुक्यातला जिगाव प्रकल्प आणि मेहकर, सिंदखेड राजावरून गेलेला समृद्धी महामार्ग यांनी जिल्ह्यातली हजारो शेतकरी कुटुंबे पहिल्यांदा मोठ्या रकमेच्या कागदासमोर आणून उभी केली. शेतजमीन शहरापासून किती दूर, यावर ती कराच्या दृष्टीने ‘भांडवली मालमत्ता’ ठरते. १०,००० ते १ लाख लोकवस्तीच्या नगरपालिकेपासून २ किलोमीटरच्या आत असली तर ती तशी ठरते, आणि हे अंतर मोजायचे तेही सरळ रेषेत. २०११ च्या जनगणनेत खामगावसह जिल्ह्यातले एकही शहर लाखाला पोचले नव्हते, म्हणून इथे २ किलोमीटरचाच निकष. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचा मोबदला करमुक्त. पण वाढीव मोबदल्यावर न्यायालयाने दिलेले व्याज करपात्र, त्यातला निम्मा भाग वजा होतो, आणि वीस वर्षांचे व्याज असले तरी ज्या वर्षी हाती पडले त्या वर्षीचे धरतात. आयुष्यभर प्राप्तिकराशी संबंध न आलेल्या शेतकऱ्याला हे तीन नियम एकाच चेकवर भेटतात.

शेती नसलेल्या, पगार नसलेल्या माणसापर्यंत कर पोचला तो टीडीएसमधून, म्हणजे पैसे हाती पडण्याआधीच होणाऱ्या करकपातीतून. जिल्ह्यात ठेवींचा व्यवहार पतसंस्थांमधून मोठा चालतो. १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलढाणा अर्बन ही त्यांतली देशभर माहीत असलेली संस्था. सभासदाला पतसंस्थेने दिलेल्या व्याजावर पूर्वी कपात नव्हती. २०२० पासून ५० कोटींवर उलाढाल असलेल्या सहकारी संस्थांना ती करावी लागू लागली. ज्या विधवेचे एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आहे तिने दरवर्षी १५जी अर्ज भरून द्यायचा, वय साठ झाले की १५एच. अर्ज राहिला तर १० टक्के कापले जातात. पॅन नसले तर २०. कापलेले परत मिळवायचे तर विवरणपत्र भरायचे. ज्या बाईला एक रुपयाही कर लागत नाही तिला आपलाच पैसा परत घेण्यासाठी कर सल्लागाराची फी द्यावी लागते. करभाराचा हा सर्वांत अन्यायकारक प्रकार आहे, कारण तो सर्वांत गरीब ठेवीदाराला लागतो. जुन्या मोहतर्फ्याची जागा तर व्यवसाय करानेच घेतली आहे. १९७५ च्या राज्य कायद्याने आलेला हा कर रोजगार हमी योजनेसाठी होता. पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० तो आजही घेतो.

सोपेपणाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी एका पानाचे ‘सरल’ आले आणि काही वर्षांत गेले. २०२० मध्ये वजावटी नसलेली नवी करपद्धत आली. जुनीही राहिली, त्यामुळे दोन्ही मांडून पाहण्याचे काम करदात्यावर आले. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण सूट मिळाल्याने जिल्ह्यातल्या बहुतेक पगारदारांचा कर शून्यावर आला, आणि वरच्या उदाहरणातल्या शिक्षकालाही हायसे वाटावे असा तो बदल आहे. विवरणपत्र मात्र त्यालाही भरायचेच आहे. त्याच वर्षी संसदेने नवा प्राप्तिकर अधिनियम केला. वाढत वाढत ८१९ झालेल्या कलमांच्या जागी ५३६, सुमारे ५.१२ लाख शब्दांच्या जागी २.६ लाख, आणि ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ यांच्या जागी एकच ‘कर वर्ष’. अंमल १ एप्रिल २०२६ पासून. शेतीउत्पन्न त्यातही करमुक्त आहे.

कायद्याचे अधिकृत पाठ इंग्रजी आणि हिंदी. सातबारा मराठी, बाजार समितीची पट्टी मराठी, पतसंस्थेचे पासबुक मराठी. वरचे दप्तर एका भाषेत आणि गावचा हिशेब दुसऱ्या भाषेत, ही दुअमलीच्या काळातली स्थिती एवढ्यापुरती अजून बदललेली नाही, आणि ती बदलणे कायद्याची कलमे कमी करण्याइतकेच निकडीचे आहे. महाराष्ट्राचे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. पगारदाराच्या प्राप्तिकर विवरणपत्राची नेहमीची मुदतही ३१ जुलैच आहे. त्या आठवड्यांत जिल्ह्यात सोयाबीन आणि कपाशीची डवरणी चालू असते.